तरुण नोकरीत का टिकतो? सिगालोवाद सुत्तातील पाच उत्तरे

‘आजची पोरं एका जागी टिकत नाहीत,’ अशी तक्रार कंपन्यांतून सतत ऐकू येते. दोष अर्थातच पोरांवर टाकला जातो. तथागत बुद्धांनी हाच प्रश्न मालकाच्या बाजूनेही पाहिला होता.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त म्हणजे राजगृहातील सिगाल या तरुण गृहस्थाला केलेला उपदेश. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाला बुद्धांनी त्या दिशा नातेसंबंधांत दाखवल्या. त्यात खालची दिशा म्हणजे सेवक आणि कामगार. त्यांच्याप्रती मालकाची पाच कर्तव्ये आहेत :

१. ताकद पाहून काम देणे.
२. अन्न व वेतन देणे.
३. आजारपणात काळजी घेणे.
४. चांगले काही मिळाले तर त्यात वाटा देणे.
५. योग्य वेळी सुट्टी देणे.

आजच्या नोकरीला हे लावून पाहा. झेपेल आणि शिकायला मिळेल असे काम, वेळेवर पगार, आजारी पडल्यावर विचारपूस, यशात नाव आणि १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी न कुरकुरता मिळणारी रजा. एवढे असेल तिथे तरुण मन लावून काम करतो. उलट आडनाव कळताच वागणूक बदलणाऱ्या ऑफिसात पगार चांगला असूनही मन लागत नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. त्यामुळे घरातून पहिल्यांदाच तिथे पोहोचलेल्या आपल्या मुलामुलींना हे जास्त बोचते.

सुत्तात कामगाराचीही कर्तव्ये आहेत : काम नीट करणे, दिलेले तेवढेच घेणे, मालकाचे नाव राखणे. पण बुद्ध मालकाची कर्तव्ये आधी सांगतात, हे महत्त्वाचे.

मात्र सगळे मालकाच्या सदिच्छेवर सोडून चालत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. कर्तव्याला कायद्याचे बळ मिळाले.

म्हणून नोकरी स्वीकारताना नेमणूकपत्र, कामाचे तास आणि रजा लेखी मागा. अन्याय झाला तर एकटे राजीनामा देण्याआधी संघटनेशी बोला. आणि जे तरुण आज टीम लीडर किंवा उद्योजक झाले आहेत, त्यांनी ही पाच कर्तव्ये आधी आपल्या हाताखालच्या माणसांना लावून पाहावीत. धम्म आचरणात आहे की नाही, ते तिथेच कळेल.

नमो बुद्धाय, जय भीम!