विश्लेषण : सीना, बटिस्टा घडवणारा केंटकीतला कुस्तीचा फड अजून तग धरून कसा?

जॉन सीना, ब्रॉक लेसनर, रँडी ऑर्टन आणि बटिस्टा. या चौघांचे फोटो असलेले पत्ते खेळत महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी शाळेच्या मधल्या सुट्टीत मोठी झाली. हे चौघे डब्ल्यूडब्ल्यूईच्या पडद्यावर आले ते २००२ मध्ये, मार्च ते जून या अवघ्या चार महिन्यांत. त्याआधी चौघेही अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात एकाच छोट्या कंपनीच्या रिंगमध्ये घाम गाळत होते. ‘ओहायो व्हॅली रेसलिंग’ म्हणजेच ओव्हीडब्ल्यू हे तिचे नाव. सीनाने २०२५ च्या अखेरीस रिंगचा निरोप घेतला. ज्या फडात तो घडला, तो मात्र मोठ्या कंपनीचा आधार सुटल्यावरही बंद पडला नाही. हे कसे जमले?

ही कुस्ती खरी की नुरा?

निकाल आधी ठरलेला असतो, यात आता लपवण्यासारखे काही उरलेले नाही. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच सांगून टाकले की, ही क्रीडास्पर्धा नाही, करमणूक आहे. त्यामागचे कारण व्यावहारिक होते. खेळ म्हटला की सरकारी नियंत्रण आणि शुल्क आले. करमणूक म्हटली की त्यातून सुटका.

आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ हा शब्द दूषण म्हणून वापरला जातो, राजकारणात तर हमखास. तालमीच्या मैदानात जोड नुरा निघाली तर प्रेक्षक हुर्यो उडवतील. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत प्रेक्षक निकाल ठरलेला आहे हे माहीत असूनच तिकीट काढतो. नाटकाला जाणारा माणूस ‘खलनायक खरंच मेला का’ असे विचारत नाही, तसेच हे.

पडणे मात्र खरे असते. रिंगचा तळ म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेले कापड. हनुवटी छातीला टेकवून, पाठ सपाट ठेवून, दोन्ही हात आपटत कसे पडायचे हा पहिला धडा. तो महिनोन् महिने चालतो. तरीही वीस वर्षांनी गुडघे, मान आणि पाठ हिशेब मागतातच.

एकेकाळी प्रत्येक इलाख्याचा वेगळा फड

विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत कुस्तीचे इलाखे वाटलेले होते. १९४८ मध्ये आयोवा राज्यात वेगवेगळ्या प्रवर्तकांनी ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ स्थापन केली. एकाने दुसऱ्याच्या इलाख्यात कार्यक्रम लावायचा नाही, हा तिचा गाभा. प्रत्येक इलाख्याचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रम, स्वतःचे नायक-खलनायक आणि ठरलेल्या वारी ठरलेले गाव. आपल्या आठवडी बाजारासारखेच.

लुइव्हिल हे मेम्फिसच्या इलाख्यात मोडत असे. जेरी जॅरेट यांचे पैलवान सोमवारी मेम्फिसला, मंगळवारी लुइव्हिलला, बुधवारी इव्हान्सव्हिलला लढत. मंगळवारी ‘लुइव्हिल गार्डन्स’मध्ये जायचे, ही तिथल्या कित्येक घरांची रीत होती. आजोबांनी नातवाला न्यायचे, पुढे नातवाने आपल्या मुलाला.

१९८२ मध्ये व्हिन्स मॅकमहन यांनी वडिलांची कंपनी विकत घेतली आणि इलाख्यांच्या सीमा धुडकावल्या. केबल टीव्हीमुळे एकच कंपनी देशभर दिसू लागली. १९८५ मध्ये पहिली रेसलमेनिया झाली आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक इलाखे एकेक करून बुडाले किंवा विकले गेले.

ओव्हीडब्ल्यू कुठून आली?

या पडझडीनंतर ‘नाइटमेअर’ डॅनी डेव्हिस या पैलवानाने १९९० च्या दशकात लुइव्हिल परिसरात पुन्हा तंबू ठोकला. २००० पासून डब्ल्यूडब्ल्यूएफ होतकरू पैलवान तयार करण्यासाठी त्याच्याकडे पाठवू लागली. सीना तिथे ‘प्रोटोटाइप’ होता, तर बटिस्टा ‘लेव्हायथन’. २००८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने करार संपवला. काही काळ ‘टीएनए’ या दुसऱ्या कंपनीचा आधार मिळाला, तोही गेला.

२०१८ मध्ये अल स्नो यांनी ओव्हीडब्ल्यू विकत घेतली. ‘ॲटिट्यूड’ काळातली कुस्ती पाहिलेल्यांना ते आठवतील. दुकानातल्या पुतळ्याचे डोके हातात घेऊन त्याच्याशी बोलणारा तो विक्षिप्त पैलवान म्हणजेच स्नो. पडद्यावर वेडसर वाटणारा हा माणूस आज या धंद्यातल्या सर्वांत शिस्तीच्या शिक्षकांत गणला जातो.

‘सहकुटुंब पाहावा’ म्हणजे नेमके काय?

पाटीवर ‘फॅमिली फ्रेंडली’ असे लिहिणे सोपे असते. लहान फडासाठी तो नैतिकतेपेक्षा गणिताचा प्रश्न आहे. एकटा तरुण येतो तेव्हा एक तिकीट खपते. आठ वर्षांचे पोर हट्ट धरते तेव्हा किमान दोन, बहुधा चार तिकिटे खपतात. शिवाय मध्यंतरात टी-शर्ट, फोटो आणि खाणेपिणे. मोठ्या कंपनीलाही हेच कळले होते. डब्ल्यूडब्ल्यूईने २००८ मध्ये आपले कार्यक्रम मुलांना पालकांसह पाहता येतील अशा ‘पीजी’ श्रेणीत आणले. रक्तबंबाळ चेहरे आणि अचकट-विचकट संवाद मागे पडले आणि सीनाच्या रंगीत टोप्या पोरांच्या डोक्यावर चढल्या.

केंटकीत तर निम्मे काम नियमच करतात. तिथे कुस्तीच्या कार्यक्रमांवर राज्याच्या बॉक्सिंग आणि कुस्ती आयोगाचा अंमल चालतो आणि मुद्दाम जखम करून घेऊन रक्त काढायला मनाई आहे. उरलेले काम कथेने करायचे. म्हणूनच अशा कार्यक्रमांत नायक आणि खलनायक यांची सरमिसळ फारशी नसते. खलनायकाने आल्या आल्या गावाला नावे ठेवायची, पंचांची पाठ वळली की डोळ्यांत बोटे घालायची, पुढच्या रांगेतल्या पोराशी हुज्जत घालायची. त्या पोराने ‘पंच, मागे बघा!’ असे बेंबीच्या देठापासून ओरडायचे. पंचाने नेमके तेव्हाच मागे बघायचे नाही. हे हजार वेळा झाले असले, तरी त्या पोरासाठी ते पहिल्यांदाच घडत असते.

यातली मेख अंतरात आहे. मोठ्या स्टेडियममध्ये पैलवान पडद्यावरच पाहावा लागतो. ओव्हीडब्ल्यूच्या ‘डेव्हिस अरिना’मध्ये जेमतेम काहीशे माणसे मावतात. नाव अरिना असले तरी वास्तू गोदामाच्या घाटाची. तिथे छातीवर बसलेल्या चापटीचा आवाज थेट कानावर येतो, पैलवानाचा दम लागलेला दिसतो. आणि ज्याला आत्ता शिव्या घातल्या, तो मध्यंतरात टेबलामागे बसून सही देत असतो. मुलांना हे गोंधळाचे वाटेल असे मोठ्यांना वाटते. मुलांना काही अडचण येत नाही.

शाकाहारी म्हणजे मिळमिळीत, असे मात्र नाही. रक्त, शिवीगाळ आणि काचेच्या नळ्या वापरून गर्दी खेचणारे फड अमेरिकेत पुष्कळ आहेत. तिथे प्रत्येक कार्यक्रमात आधीच्यापेक्षा भयंकर काहीतरी करावे लागते आणि त्याची किंमत पैलवानाचे शरीर मोजते. कथेवर चालणाऱ्या फडात एक साधा पाय मुरगळणेही तीन आठवडे पुरते. कुटुंबवत्सल कुस्तीचा खरा फायदा प्रेक्षकापेक्षा पैलवानाला होतो, तो असा.

मग पैशांचे गणित जमते का?

सहज नाही. २०२१ मध्ये लुइव्हिलमधल्या गुंतवणूकदारांनी ओव्हीडब्ल्यूत मोठा हिस्सा घेतला. त्यात केंटकीत घराघरांत पोहोचलेले रेडिओ सूत्रसंचालक मॅट जोन्स होते आणि उद्योजक क्रेग ग्रीनबर्गही होते. ग्रीनबर्ग जानेवारी २०२३ पासून लुइव्हिलचे महापौर आहेत. कंपनी तोट्यात होती. तेव्हा झालेली ओढाताण २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘रेसलर्स’ या सात भागांच्या माहितीमालिकेत जगाने पाहिली. दिग्दर्शक होते ग्रेग व्हाइटली.

वादाचा मुद्दा मोठा रंजक. स्नो यांचे म्हणणे, कथा सावकाश शिजू द्या. प्रेक्षकाला पात्राची काळजी वाटली तरच तो पुढच्या गुरुवारी येईल. जोन्स यांचे म्हणणे, पुढचा गुरुवार येण्यासाठी कंपनी जिवंत राहिली पाहिजे. गावोगावी दौरे काढा, जत्रांमध्ये रिंग लावा, तिकिटे विका. दोघांचेही बरोबर होते, हीच अडचण. उन्हाळ्यात केंटकीच्या छोट्या गावांत रिंग ट्रकवर लादून नेणे, ती पैलवानांनीच उभी करणे, लढणे आणि रात्री तीच उतरवणे, असे दौरे झाले. आपल्याकडच्या तमाशाच्या फडात राहुट्या ठोकणारे हात आणि रात्री बोर्डावर उभे राहणारे हात अनेकदा एकच असतात, तशातलाच प्रकार.

कंपनीचे एक पाऊल टीव्हीत, दुसरे शाळेत आहे. ओव्हीडब्ल्यूच्या साप्ताहिक टीव्ही कार्यक्रमाचे हजाराहून अधिक भाग झाले आहेत. तिथली कुस्तीशाळा शुल्क घेऊन शिकवते आणि शिकणारे तिथेच लढतात. नेटफ्लिक्सच्या मालिकेनंतर गर्दी वाढली. पण एका मालिकेच्या पुण्याईवर फड किती वर्षे चालणार?

सर्वांत कच्चा दुवा आहे तो पैलवानाच्या खिशाचा. या धंद्यात पैलवान नोकरदार नसतो, कंत्राटी असतो. छोट्या फडात मिळणाऱ्या बिदागीवर घर चालत नाही, म्हणून बहुतेकांची दिवसा दुसरी नोकरी असते. आरोग्य विमा कंपनीकडून मिळत नाही. प्रेक्षकासाठी कार्यक्रम सुरक्षित आणि स्वस्त ठेवायचा, तर त्यातला बराच भार रिंगमधल्या माणसावर पडतो. सहकुटुंब करमणुकीच्या जाहिरातीत हा भाग येत नाही.

यात पुण्याचा संबंध काय?

आहे, आणि तो थेट आहे. मेम्फिस-लुइव्हिलचा इलाखा चालवणाऱ्या जेरी जॅरेट यांचा मुलगा जेफ जॅरेट. बापलेकांनी २००२ मध्ये टीएनए कंपनी काढली. याच कंपनीच्या मदतीने पुण्यात, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात, ‘रिंग का किंग’चे चित्रीकरण झाले. हरभजन सिंग त्याचा चेहरा होता. जानेवारी ते एप्रिल २०१२ या काळात कलर्स वाहिनीवर त्याचे २६ भाग दाखवले गेले. परदेशी पैलवान होते, झगमगाट होता, बालेवाडीत आरोळ्याही घुमल्या. दुसरे पर्व मात्र आलेच नाही.

कारण सांगायला फार खोलात जावे लागत नाही. तो टीव्हीसाठी केलेला कार्यक्रम होता. चित्रीकरण संपले, रिंग उतरली, माणसे पांगली. पुढच्या आठवड्यात त्याच जागी, त्याच वारी, कमी दरात पोराला घेऊन जावे असे काही मागे राहिले नाही. उत्तरेत ‘द ग्रेट खली’ने जालंधरमध्ये कुस्तीशाळा आणि तिला जोडून स्वतःचे कार्यक्रम सुरू केले. ती वाट ओव्हीडब्ल्यूच्या अधिक जवळची.

बालेवाडीच्या त्या रिंगमध्ये पंजाबचा एक धिप्पाड तरुण ‘महाबली वीरा’ या नावाने उतरला होता. पुढे तो ‘महाबली शेरा’ झाला, टीएनएत गेला आणि तिथून लुइव्हिलला पोहोचला. ‘रेसलर्स’ मालिकेत तो दिसतो. ओव्हीडब्ल्यूच्या मुख्य हेवीवेट विजेतेपदाचा पट्टा त्याने कमरेला बांधला, तो त्याच डेव्हिस अरिनात, काहीशे माणसांसमोर.