घरात हृदयाचे ऑपरेशन ठरले, तर...

तालुक्याच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, मान हलवली आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली, की घरातली निम्मी माणसे तिथेच हाय खातात. तिकडे तपासण्या होतात आणि ‘छाती उघडून ऑपरेशन करावे लागेल’ असे सांगतात. मग गावभर चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, काळीज बाहेर काढून ठेवतात. कोणी म्हणते, असे ऑपरेशन झालेला माणूस पुन्हा कामाचा राहत नाही. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. तेव्हा घाबरण्याआधी हे प्रकरण काय आहे ते समजून घ्या.

हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. दिवसात सुमारे एक लाख वेळा तो आकुंचन पावतो. या पंपात दोन तऱ्हेचे बिघाड आपल्याकडे जास्त दिसतात. एक, खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या चरबीने तुंबतात. तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाब हे त्याचे मोठे साथीदार. मग पायातली शीर किंवा छातीच्या आतल्या बाजूची धमनी घेऊन तुंबलेल्या जागेला वळसा घालून नवी वाट काढतात, तेच बायपास. पाट एका जागी बुजला तर आपण बाजूने चर काढून पाणी पुढे नेतो, तसेच. दुसरा बिघाड झडपांचा. लहानपणी घसा वारंवार दुखतो, त्यामागून सांधे सुजून ताप येतो. तो ताप बरा होतो, पण जाताना हृदयाच्या झडपा खराब करून जातो. पंधरा-वीस वर्षांनी चढण चढताना धाप लागू लागते, बाईमाणसाला तर पुष्कळदा बाळंतपणात प्रथम कळते. अशी झडप दुरुस्त करतात किंवा बदलतात.

ऑपरेशनच्या वेळी छातीचे मधले हाड उभे कापून उघडतात. शिरांतले रक्त नळ्यांनी एका यंत्रात घेतात, त्यात प्राणवायू मिसळून ते परत धमनीत सोडतात. तेवढा वेळ हृदय आणि फुप्फुसे दोघांनाही सुट्टी. असे यंत्र वापरून अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी मे १९५३ मध्ये पहिले यशस्वी ऑपरेशन केले. हृदय थांबवण्यासाठी जे गार द्रावण सोडतात, त्यात पोटॅशियम असते. आपण उसाला म्युरेट ऑफ पोटॅश टाकतो, त्यातलेच ते तत्त्व. काम संपले की हृदय पुन्हा चालू होते, आणि हाड पोलादाच्या बारीक तारांनी बांधून टाकतात. त्या तारा जन्मभर आत राहतात, त्यांचा त्रास सहसा होत नाही. बायपास पुष्कळ वेळा हृदय चालू ठेवूनही करतात. त्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

जाण्यापूर्वी

पहिली गोष्ट पैशाची, कारण रात्रीची झोप तिच्यामुळेच उडते. बैलजोडी विकण्याआधी, सावकाराच्या दारात जाण्याआधी, सरकारी योजनेची चौकशी करा. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. बायपास, झडप बदलणे ही ऑपरेशने तीत बसतात. एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत मर्यादा वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. इस्पितळ योजनेत असले पाहिजे, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घेतली पाहिजे. आधी पैसे भरून मागाहून कागद घेऊन फिरलात तर हाती फार काही लागत नाही. अशा इस्पितळात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. शिधापत्रिका आणि आधारकार्ड घेऊन प्रथम त्याला गाठा, मग बाकीचे. लहान मुलाच्या हृदयाला जन्मतः भोक असेल तर शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशी ऑपरेशने होतात.

दुसरे, तंबाखू. विडी, तंबाखू-चुना, गुटखा हे त्याच दिवशी बंद. येथे आमच्या भगिनींना मुद्दाम सांगायचे आहे की मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. ‘मी तंबाखू खात नाही’ असे डॉक्टरांना सांगायचे आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची, हे चालायचे नाही. विडी ओढणाऱ्याच्या छातीत कफ साठलेला असतो, तो ऑपरेशननंतर न्युमोनियाला आमंत्रण देतो. जितके दिवस आधी सुटेल तितके चांगले.

तिसरे, दात. हसू नका. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून जाऊन नव्या झडपेवर घर करतात, आणि तो आजार जिवावर बेततो. झडपेचे ऑपरेशन ठरले असेल तर आधी दंतवैद्याकडे जाऊन खराब दात काढून घ्या.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. गावच्या वैद्याचे चूर्ण, काढा असेल तर तेही दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण त्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच, आपल्या मनाने नव्हे. रक्त लागते. भावकीतले दोन-तीन धडधाकट तरुण रक्तदानाला तयार ठेवले तर ऐनवेळी धावपळ होत नाही. जोडवी, नथ, मंगळसूत्र, अंगठ्या घरीच ठेवून जा, तिथे उतरवावे लागतातच. कवळी असेल तर सांगा. नखांना रंग लावू नका, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात.

आणि मुहूर्ताचे काय? कोणी सुगी संपण्याची वाट पाहते, कोणी पितृपंधरवडा जाऊ दे म्हणते. डॉक्टरांनी ‘दोन महिने थांबले तरी चालेल’ असे स्पष्ट सांगितले असेल तर जरूर थांबा. पेरणी आटपून जाण्यात शहाणपणच आहे, कारण पुढे तीन महिने तुम्ही शेतात नसणार. पण डॉक्टर घाई करत असतील तर कापूस झाडावर राहू द्या. झडप खराब असताना वर्ष-वर्ष ढकलत राहिले की हृदय फुगते, आणि मग झडप बदलूनही ते पूर्वपदावर येत नाही.

इस्पितळातले दिवस

ऑपरेशनला चार-पाच तास सहज लागतात. त्यानंतर रोग्याला अतिदक्षता विभागात ठेवतात. पहिल्यांदा काचेतून पाहाल तेव्हा काळजाचे पाणी होईल, म्हणून आधीच सांगतो. तोंडात श्वासाची नळी असते, त्यामुळे बोलता येत नाही. छातीतून, लघवीच्या जागेतून नळ्या निघालेल्या असतात, अंग सुजलेले दिसते. हे सगळे ठरलेलेच असते. पुष्कळांची श्वासाची नळी दुसऱ्या दिवसापर्यंत निघते, दोन-तीन दिवसांत रोगी साध्या खोलीत येतो, आणि आठवडाभरात साधारणपणे घरी सोडतात. जोखीम अजिबात नसते असे मात्र कोणी सांगू नये. वय, मधुमेह, मूत्रपिंडाची अवस्था यांवर ती कमी-अधिक होते. ती आपल्या माणसाच्या बाबतीत किती, हे सही करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा.

तीन गोळ्यांचे एक प्लॅस्टिकचे खेळणे हाती देतात आणि श्वास ओढून गोळ्या वर उचलायला सांगतात. ते खेळणे नव्हे, फुप्फुसे उघडण्याचा व्यायाम आहे. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकावे. दुखते म्हणून खोकला दाबणारे लोक कफाने आजारी पडतात.

घरी आल्यावर

हाड जुळायला दीड-दोन महिने, पुरते भक्कम व्हायला सुमारे तीन महिने लागतात. शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात मोठा धोका इथेच असतो. जखम वरून सुकली, माणूस हिंडू लागला, की त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत. चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचे नाही, असे डॉक्टर सांगतात. आता हिशेब करा. पाण्याची भरलेली बादली दहा-पंधरा किलो, हंडा त्याहून जड, फवारणीचा पाठीवरचा पंप भरला की वीस किलो. दोन वर्षांचा नातू दहा किलो. तोही उचलायचा नाही, मांडीवर आणून द्यायला सांगायचा. बैलाचा कासरा हातात धरू नये, एका हिसक्यात टाके आणि तारा ढिल्या होतील. म्हशीची धार काढू नये, तिची लाथ नेमकी छातीवर बसते. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद.

जमिनीवर बसणे, झोपणे काही दिवस टाळा. जमिनीवरून उठताना आपण दोन्ही हातांवर भार देतो, तो छातीच्या हाडावर येतो. घरात खाट नसेल तर शेजाऱ्याची आणा. संडासला उकिडवे बसणे पहिले काही आठवडे जड जाते, मध्ये भोक पाडलेली साधी लाकडी खुर्ची सुताराकडून करून घेतली तरी काम भागते. कुंथू नये. पोट साफ राहत नसेल तर डॉक्टरांकडून औषध घ्यावे.

जखमेवर हळद, तेल, अंगारा काहीही लावायचे नाही. साबण-पाण्याने हळूच धुऊन स्वच्छ फडक्याने टिपायची. पायातली शीर काढली असेल तर तो पाय सुजतो. बसताना तो उंचावर ठेवावा.

चालणे हे मात्र औषध. पहिल्या दिवशी अंगणात पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. मग रोज थोडे वाढवत सहा आठवड्यांत एका दमात अर्धा तास. धाप न लागता बोलता येईल इतपत वेग ठेवावा.

जेवणात मीठ कमी. आमटीचे मीठ कमी करतात आणि ताटात लोणचे, पापड, सुकट वाढतात, त्याला काय अर्थ? डाळ, उसळ, दूध, चालत असेल तर अंडे, यांनी जखम लवकर भरते. सुरुवातीला अन्नाला चवच लागत नाही, तेव्हा थोडे थोडे पाच वेळा द्यावे.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. महिनाभर पुष्कळ रोगी उदास असतात. कर्ता पुरुष, पंचायतीत आवाज चढवणारा, लहान कारणाने रडू लागतो. झोप येत नाही, नावे आठवत नाहीत. सूनबाईला वाटते मामंजी चिडलेत, मुलाला वाटते बाबांनी हाय खाल्ली. हे या ऑपरेशननंतर नेहमी दिसते आणि बहुतेकांचे आपोआप निवळते. दीड-दोन महिन्यांनीही तसेच राहिले तर डॉक्टरांना सांगावे, त्यावर उपाय आहे.

झडप बदलली असेल, तर

झडपा दोन तऱ्हेच्या. एक जनावराच्या ऊतीची, गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून केलेली. ती दहा-पंधरा वर्षांनी झिजते. दुसरी धातूची, टिकाऊ. आपल्या देशातली अशी झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पथकाने घडवली. आधीचे नमुने फसले, पण डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रोग्याला बसवली. कोणती झडप बसवणार हे आधीच विचारा, विशेषतः लग्नाची किंवा मूल व्हायची मुलगी असेल तर. कारण धातूच्या झडपेला जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते, आणि त्या गोळीने पोटातल्या गर्भाला अपाय होऊ शकतो. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ही गोळी कुठून आली, ते शेतकऱ्याने ऐकण्यासारखे आहे. १९२० नंतर अमेरिका-कॅनडात गाईगुरे अंतर्गत रक्तस्राव होऊन मरू लागली. बुरशी आलेला गोड क्लोव्हरचा वाळला चारा हे कारण निघाले. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, तो चारा आणि न गोठणाऱ्या रक्ताचा डबा घेऊन विद्यापीठात पोचला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने चाऱ्यातले ते द्रव्य पुढे शोधून काढले. त्याचाच एक भाऊबंद म्हणजे वॉरफरिन. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला विक्रीस आले आणि १९५४ मध्ये माणसाचे औषध झाले. धान्याच्या कोठारात आपण ब्रोमॅडायोलोन ठेवतो, तेही याच घराण्यातले. गोळी वॉरफरिनची असो की असेनोकुमॅरॉलची, जात एकच.

तेव्हा तिचा धाक बाळगा. एक चुकली तर झडपेवर गाठ धरते, जास्त झाली तर रक्त वाहते. रोज ठरल्या वेळी घ्या, कॅलेंडरवर खूण करा, आणि सांगितल्या तारखेला आय.एन.आर. नावाची रक्ततपासणी चुकवू नका. शेतात पाणी सोडायचे आहे, म्हणून ती पुढे ढकलायची नाही. मेथी, पालक, शेपू यांनी गोळीचा जोर कमी होतो. भाजी बंद करू नका, पण आठवडाभर काही नाही आणि रानभाज्या आल्या की रोज ताटभर, असेही नको. नवरात्राचे कडक उपवास आणि दारू, दोन्ही टाळा. अंगदुखीची गोळी दुकानातून घेऊ नका. कमरेत सुई मारून घेऊ नका, आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की आधी ‘झडप बदलली आहे’ हे सांगा. विळा लागला तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा आणि थेट दवाखाना गाठा.

ताप, जखमेतून पू, छातीच्या हाडात कट्‌कट् हलल्यासारखे वाटणे, आडवे पडल्यावर धाप, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे, काळा संडास किंवा लाल लघवी, हे दिसले तर त्याच दिवशी निघा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली तर सकाळची एस.टी. पाहू नका, १०८ ची गाडी बोलवा.

रात्री सगळे निजले की धातूच्या झडपेचा टिक-टिक असा आवाज ऐकू येतो. काही कारभारणींना पहिले आठ दिवस त्याने झोप लागत नाही, मग सवय होते. तो आवाज कसा आहे हे घरच्यांनीही कान देऊन ओळखून ठेवावे. कारण एखाद्या दिवशी तो एकाएकी बोदा झाला किंवा ऐकूच येईना, तर दुखो वा न दुखो, त्याच घटकेला इस्पितळाची वाट धरायची आहे.