परळचा ब्लॉक

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये बाहेरगावचा पेशंट आला, की लवकरच प्रश्न येतो : 'ब्लॉक आणलाय का?' गाठीचा तुकडा मेणात बसवलेला हा ठोकळा नातेवाइकांनी रिपोर्टांच्या चळतीसोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला असतो.

28 फेब्रुवारी 1941 रोजी हे रुग्णालय उघडलं, तेव्हाही अशा तुकड्याचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. वाचायचं ते पेशींचं रूप. इथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर तिथून माणसाच्या सवयींपर्यंत पोचले. 1945च्या एका शोधनिबंधात तर त्यांनी धोतराच्या काचानं कमरेवर होणारा कर्करोगही नोंदवला. (अशी नोंद करायला आधी पेशंटच्या नेसण्याकडे बघावं लागतं!) 1952 साली त्यांनी परळलाच कर्करोग संशोधन केंद्र उभारलं. त्यांच्या शिष्या कमल रणदिवे यांनी उंदरांवर काम करत स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचं नातं धुंडाळलं. या नात्यातलं बीआरसीए1 जनुक हाती लागायला मात्र 1994 उजाडलं.

दरम्यान प्रथिनांची गोष्ट सुरू झाली होती. 1979 साली सापडलेल्या पी53 या प्रथिनाला संशोधकांनी आधी कर्करोगाचा गुन्हेगार ठरवलं. दहा वर्षांनी उलगडा झाला, की हा तर पेशींच्या वाढीवरचा पहारेकरी. प्रयोगशाळेत हाताळलेल्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. त्याच्या 393 अमिनो आम्लांच्या साखळीत 175व्या जागचं एक बदललं, तरी पहारा उठतो.

रक्ताच्या एका कर्करोगात दोन जनुकं जुळून बीसीआर-एबीएल हे भलतंच प्रथिन तयार होतं, आणि ते पेशींना थांबूच देत नाही. इमॅटिनिबची गोळी नेमकी त्याच्याच खाचेत बसते. 2001मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. तिच्या पेटंटचा वाद चालू असताना इथे नोव्हार्टिस या मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या पुढे होता, देशी गोळ्यांचा दहा हजारांच्या आसपास. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. 1 एप्रिल 2013ला सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसची मागणी फेटाळली. माझ्या मते मुंबईच्या कर्करोग-इतिहासात ही तारीख कुठल्याही शोधाइतकीच मोठी आहे.

त्याच वर्षी टाटाच्या संशोधकांनी दाखवलं, की फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा या कर्करोगाच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत ईजीएफआर जनुकात बदल असतो. या प्रथिनाच्या 858व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन आलं असेल, तर उपचार त्याच प्रथिनाला रोखणाऱ्या गोळीवर सुरू होऊ शकतो.

त्या तपासणीसाठी लागतो तो हाच ब्लॉक. रिपोर्ट येईपर्यंत मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, नाहीतर जेरबाई वाडिया रस्त्याच्या फुटपाथवर. ब्लॉक लॅबमध्ये गेलेला असतो. पिशवीत उरतात गावाकडचे रिपोर्ट.