गाजर गवत : संशोधन कोठवर आले आणि आपण काय करावे

मृगाचा पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरली, की धर्माबाद तालुक्यात कापूस व सोयाबीन यांच्या पेरणीची घाई सुरू होते. त्याच सुमारास रस्त्यांच्या कडा, रेल्वेलगतच्या मोकळ्या जागा, गावठाणाभोवतालचे पडीक व नाल्यांचे काठ एका परकीय वनस्पतीने हिरवे होऊ लागतात. ही वनस्पती म्हणजे गाजर गवत किंवा काँग्रेस गवत. सीमेपलीकडील तेलुगू गावांत तिला 'वय्यारिभामा', म्हणजे नखरेल स्त्री, म्हणतात. नाव गोड आहे. गुण मात्र तसे नाहीत.

आपल्या देशातील या तणाच्या अभ्यासाचा आरंभ महाराष्ट्रातच झाला. पुणे येथे कचऱ्याच्या ढिगांवर आढळलेल्या झाडांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ आर. शेषगिरी राव यांनी १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद प्रसिद्ध केली. हे तण पी. एल. ४८० करारान्वये आलेल्या अमेरिकन गव्हाबरोबर आले, असे सर्रास सांगितले जाते. परंतु हा करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला आणि झाडे त्यापूर्वीच, १९५५ साली, आढळली होती. अमेरिकेचा गहू १९५१ पासून कर्जाऊ येत होता, तेव्हा गव्हाचा संबंध अगदीच नाकारता येत नाही. दोष मात्र त्या एका कराराच्या माथी मारणे बरोबर नाही.

या वनस्पतीचे मूळ स्थान अमेरिका खंडातील उष्ण प्रदेश होय. एक जोमदार झाड सुमारे १५,००० ते २५,००० बिया देते. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत ते फुलावर येते. त्यातील पार्थेनिन नामक द्रव्य शेजारच्या रोपांची वाढ रोखते. तण जनावरांच्या पोटात गेल्यास दूध कडवट होते. त्याच्या स्पर्शाने व हवेतून उडणाऱ्या कणांनी काही माणसांना त्वचेचा चिवट विकार जडतो; पुण्यातील अशा रुग्णांचा अभ्यास १९७० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाला आहे. ज्या मजुरास एकदा हा विकार जडला, त्यास पुन्हा खुरपणीस बसणे कठीण होते. म्हणून हातमोज्यांवाचून हे तण उपटावयास कोणासही लावू नये.

संशोधनातील सर्वांत आशादायक भाग मेक्सिकन भुंगेऱ्याचा होय. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. पांढुरक्या पंखांवर तपकिरी उभे पट्टे असलेला हा छोटा कीटक १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूर येथे आणण्यात आला आणि चाचण्यांनंतर १९८४ साली मोकळ्या क्षेत्रात सोडण्यात आला. अळी व भुंगेरा ही दोन्ही गाजर गवताची पाने खातात. पुढे १९९० नंतर कर्नाटकात हे भुंगेरे सूर्यफुलावर दिसले व मोठी चिंता पसरली. सूर्यफूल पिकविणाऱ्या मराठवाड्यालाही ही गोष्ट लागू होती. चौकशीत असे आढळून आले की, सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे पराग उडून पडले असता भुंगेरे ती पाने कुरतडतात. परंतु सूर्यफुलावर त्यांची पिढी वाढत नाही. तेव्हा शेताजवळ हे भुंगेरे दिसताच कीटकनाशकाचा पंप उचलणे म्हणजे आपल्याच सहाय्यकास मारणे होय. शास्त्रज्ञ किती सावध असतात याचा एक दाखला येथे देण्यासारखा आहे. खोडात गाठी करणारा एपिब्लेमा हा दुसरा कीटकही आपल्याकडे तपासणीसाठी आणला होता. तो कारळ्यावरही वाढतो असे दिसताच त्यास बाहेर सोडण्याचा विचार रद्द झाला.

मग भुंगेरा असूनही गवत का हटत नाही? अडचण वेळेची आहे. हिवाळ्यात व उन्हाळ्यात भुंगेरा जमिनीत निद्रिस्त राहतो, पावसानंतर वर येतो आणि त्याची संख्या श्रावण-भाद्रपदात वाढते. मृगात उगवलेले गवत तोवर पुष्य नक्षत्रातच फुललेले असते. शिवाय कालव्याच्या व विहिरीच्या पाण्यावर रब्बीत उगवणाऱ्या गवतास खाणारा कोणीच नसतो. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने १६ ते २२ ऑगस्ट हा जागृती सप्ताह पाळला जातो. तो उपयुक्त आहे. पण ते दिवस मघाचे. आपल्या भागात पहिली उपटणी पुनर्वसूतच, जमीन ओली व झाड कोवळे असताना, मुळासकट व्हावयास हवी, असे आमचे मत आहे.

ही उपटणी शेत, बांध, पाणंद व वस्ती यांपुरती करावी. दूरच्या पडिकात भुंगेरे दिसत असल्यास तेथील गवत त्यांच्यासाठी राखावे. पावसाळ्यात तेथून ५०० ते १,००० भुंगेरे जाळीच्या झाकणाच्या डब्यात धरून नव्या जागी सोडता येतात. तरोट्याचे बी आश्विन-कार्तिकात गोळा करून पुढील पावसापूर्वी पडिकात फेकल्यास तो गाजर गवतास दाबतो. मिठाचे १५ ते २० टक्के द्रावणही तणास जाळते; परंतु काळ्या जमिनीच्या बांधावर ते कधीही वापरू नये, कारण तण वर्षाचे आणि खार अनेक वर्षांचा.

फुलण्यापूर्वीचे गवत खड्ड्यात शेण व माती यांच्या थरांत कुजवून उत्तम खत होते. फुललेले गवत मात्र खतात घालू नये. एका गावी आम्ही स्वतः फुलोऱ्यातील गवत उपटवून बांधावर ढीग घातला व काम झाले असे समजलो. उपटलेल्या झाडांतही बी पक्व झाले आणि पुढील मृगात तो बांध पूर्वीपेक्षा दाट उगवला. लोकांचे दोन दिवसांचे श्रम आमच्या अज्ञानाने वाया गेले.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या वहीत तीन तारखा टिपाव्यात : पहिली उगवण, पहिले पांढरे फूल आणि पहिला भुंगेरा. ही नोंद जागेच्या नावासह परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा सगरोळीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पोचवावी. बंगळूरचे पाऊसमान निराळे, आपले निराळे. उपटणी व भुंगेरे सोडणे यांचे येथील दिवस या तारखांवरूनच ठरविता येतील.