शेजारी बिल्डिंग उठतेय आणि तुमचा धंदा आत्ताच सुरू झालाय



मागचा व्हिडिओ ज्यांनी शेवटपर्यंत पाहिला, त्यांच्या लक्षात आलंच असेल. गल्ला वेगळा आणि नफा वेगळा, हे मी समजावून सांगत होतो आणि मागून एकसारखं धडधडत होतं. शेजारच्या प्लॉटवर ब्रेकर चालू होता. तो भाग मी कापला नाही, कारण आज त्याच आवाजाबद्दल बोलायचं आहे.

मी मूळचा साखरखेर्ड्याचा, तालुका सिंदखेड राजा. इतिहासात आमच्या गावाचं नाव येतं ते 1724 च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाला तिथे हरवलं. त्या तोफांनंतर आमच्याकडे मोठा आवाज म्हणजे सोयाबीनच्या मळणीयंत्राचा. पण मळणीयंत्र दोन दिवसांत दुसऱ्याच्या वावरात जातं. शहरातला बांधकामाचा आवाज एकदा आला की दोन-तीन वर्षं मुक्काम ठोकतो. गावाकडून येऊन पुण्या-मुंबईत एका खोलीत काम सुरू करणाऱ्याला हा फरक कुणी सांगत नाही. मलाही सांगितला नव्हता.

पुण्यात मी खोली घेतली, अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट भरलं. खोली बघायला गेलो होतो रविवारी संध्याकाळी. शेजारी जुनं दुमजली घर, दारात तुळस, सगळं शांत. चौथ्या दिवशी त्या घराभोवती पत्रे लागले आणि सकाळी ब्रेकर सुरू झाला. त्याच आठवड्यात एका बचत गटाचं ऑनलाइन प्रशिक्षण होतं, माझं पहिलं पैसे देणारं काम. पंधराव्या मिनिटाला एक ताई म्हणाल्या, "सर, तुम्ही गिरणीत बसून शिकवता का?" सगळ्या हसल्या, मीही हसलो. पण त्यांची दुसरी बॅच माझ्याकडे आली नाही. रात्री आईचा फोन आला तर तीही म्हणाली, "कायचा आवाज येऊन राह्यला रे एवढा?"

त्यानंतरचे तीन आठवडे मी फक्त चिडण्यात घालवले. घरमालकाशी भांडलो, सोसायटीत ओरडलो, साइटच्या गेटवर वाद घातला. धंद्याच्या हिशोबात ते तीन आठवडे कुठल्या खात्यात टाकायचे ते मला आजही कळलेलं नाही.

मग एका दुपारी साइटच्या सुपरवायझरशी चहाच्या टपरीवर गाठ पडली. मी सहज विचारलं, "साहेब, हे ब्रेकरचं किती दिवस?" तो म्हणाला, "तोडकाम अजून आठ दिवस. मग खोदाई. खोदाईत खडक लागला तर तुमचं नशीब." पाच मिनिटांत त्याने मला पुढच्या वर्षभराचं वेळापत्रक सांगितलं. ते मी पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं.

तुम्हीही आधी तेच विचारा. बांधकामाचा आवाज एकसारखा नसतो, टप्प्याटप्प्याने बदलतो. तोडकाम आणि खोदाई सगळ्यात वाईट, त्यात फोनवर बोलणंसुद्धा मुश्किल. नंतर आरसीसीचं काम सुरू झालं की मधले दिवस ठोकाठोकीचे, पण सहन होण्यासारखे. स्लॅबचा दिवस मात्र सोडून द्या. मिक्सर, पंप, व्हायब्रेटर, आणि ओतलेलं काँक्रीट अर्धवट सोडलं तर जोड कच्चा राहतो, म्हणून ते लोक मध्ये थांबत नाहीत. विटा आणि प्लास्टरचा काळ त्या मानाने शांत. त्यात आपण निर्धास्त होतो आणि मग टाइल कटर येतो. फिनिशिंगचा तो किर्र आवाज ब्रेकरपेक्षा लहान, पण रोजचा आणि लांबणारा. सुपरवायझरशी ओळख असेल तर "उद्या स्लॅब आहे" एवढा मेसेज आदल्या दिवशी मिळतो. तेवढ्यावर तुमचा दिवस वाचतो. बिल्डरच्या ऑफिसात हे कुणी सांगत नाही. सुपरवायझर किंवा मुकादम सांगतो.

त्यानुसार मी माझा दिवस फिरवला. रेकॉर्डिंग पहाटे साडेपाच ते साडेसात. दुपारी मजुरांची जेवणाची सुट्टी होते, त्या तासात महत्त्वाचे फोन. ब्रेकर चालू असताना बिलं, हिशोब, पॅकिंग, बँकेची कामं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाच्या वेळा टाकता येतात आणि आपोआप जाणारा मेसेजही लावता येतो. त्यात लिहिलं: 'फोनसाठी दुपारी 1 ते 2 किंवा संध्याकाळी 7 नंतर, बाकी वेळी मेसेज करा, उत्तर नक्की मिळेल.' ग्राहक नाराज होतील असं वाटलं होतं. झालं उलटंच, ऑर्डर लेखी यायला लागल्या आणि "मी निळा सांगितला होता, तुम्ही हिरवा पाठवला" ही भांडणं कमी झाली.

आता खोलीचं. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला तुम्हालाही कुणी ना कुणी देईल. त्याने बाहेरचा आवाज थांबत नाही. गोधड्या टांगल्या तर खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, ते चांगलंच, पण ब्रेकर आत येतो तो फटींतून आणि काचेतून. आधी खिडकीच्या आणि दाराच्या फटी रबरी पट्टीने बुजवा. पट्टी स्वस्त मिळते आणि फरक लगेच कळतो. दुसरं, माइक तोंडाजवळ आणा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण 6 डेसिबलने वर येतो आणि मागचा गोंगाट तिथेच राहतो. महागड्या माइकच्या आधी हे करून बघा.

बरं, मग सगळं निमूट सहन करायचं का? नाही. कायदा काय म्हणतो ते माहीत हवं. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा, व्यापारी भागात 65 आणि 55. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. 2010 च्या दुरुस्तीनंतर रहिवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला बंदी आहे. रात्री अकराला ब्रेकर चालत असेल तर 112 ला फोन करा, तारीख-वेळ वहीत लिहा, छोटा व्हिडिओ काढा. रोजचंच झालं तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मोबाइलमधलं डेसिबलचं ॲप अंदाजापुरतं ठीक, पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका.

रात्रीची झोप हा विषय कोर्टानेही हलका धरलेला नाही. मुंबईत कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही 33.5 किलोमीटरची मेट्रो 3 खोदली जात होती, तेव्हा कफ परेडचे एक रहिवासी वकील रात्रीच्या कामाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. 2017 मध्ये कोर्टाने तिथलं रात्री 10 ते सकाळी 6 चं काम थांबवलं. एवढा मोठा सरकारी प्रकल्प, तरी थांबवलं. पण पुढचंही ऐका. 2018 मध्ये ती बंदी उठली, काम चालू राहिलं आणि कफ परेडपर्यंत गाडी धावली ती 2025 च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणून माझं मत असं: रात्रीच्या आवाजाविरुद्ध जरूर लढा, तो तुमचा हक्क आहे. दिवसाच्या आवाजाचीही तक्रार करता येते, पण तिच्या निकालाच्या भरवशावर धंद्याचा पहिला हंगाम थांबवू नका.

ज्यांचं दुकान साइटला लागून आहे त्यांचा त्रास वेगळा. पत्र्यांमुळे बोर्ड दिसत नाही, गाडी लावायला जागा नाही, जुनं गिऱ्हाईक रस्ता बदलतं. अशा वेळी बोर्ड पत्र्याच्या पुढे दिसेल असा लावायची परवानगी साइटवाल्याकडून मागून घ्या, बऱ्याचदा मिळते. आणि एक विचार करा, पत्र्याच्या आतही माणसं आहेत. माझ्या गल्लीतल्या एका काकूंचं ब्लाउज शिवायचं काम धुळीमुळे बसलं. त्यांनी सकाळी पोहे आणि चहा सुरू केला. पहिल्या महिन्यात चांगलं चाललं, मग उधारी वाढली. सेंट्रिंगची टोळी काम संपवून एका रात्रीत दुसऱ्या साइटवर गेली आणि वहीतली नावं तशीच राहिली. नंतर त्यांनी मुकादमाशीच ठरवलं: खातं त्याच्या नावावर, हिशोब दर आठवड्याला, मजुरांची खर्ची वाटतात त्या दिवशी. साइटचं गिऱ्हाईक हे हंगामी गिऱ्हाईक आहे हे धरूनच भांडी घ्या. मोठा फ्रीज घेऊ नका.

आणि अजून खोली घेतली नसेल तर माझी चूक करू नका. जागा बघायला कामाच्या दिवशी सकाळी अकराला जा. शेजारी जुनी इमारत किंवा मोकळा प्लॉट असेल तर टपरीवाल्याला विचारा, त्याला बिल्डरच्या आधी सगळं माहीत असतं. विक्रीसाठीच्या मोठ्या प्रकल्पांना महारेराची नोंदणी लागते. साइटच्या बोर्डावरचा नोंदणी क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर टाकला की काम पूर्ण करायची तारीख दिसते. तारीख पुढे ढकलली जाऊ शकते, अलीकडे मात्र क्वचितच येते. करारात 'आवाजामुळे काम अशक्य झालं तर एक महिन्याच्या नोटीसवर जागा सोडता येईल' अशी ओळ टाकून मागा. घरमालक नाही म्हणाला तर तो नाही का म्हणतोय ते विचारा. कधी कधी तिथेच कळतं.

पुढचा व्हिडिओ मंगळवारऐवजी बुधवारी येईल. मंगळवारी शेजारी पाचवा स्लॅब आहे.