राजाने अंडी घातली!

लंडनला लेकीकडे गेले, तर नातवाचा ‘राजा’ काचेच्या पेटीत ऐटीत बसलेला. अंगभर बिबट्यासारखे ठिपके असलेली ही पाल म्हणजे लेपर्ड गेको. महिन्याभरात राजाने चक्क दोन अंडी घातली! नर नसतानाही मादी अशी वांझोटी अंडी घालते.

मग नातवाने तिला पारदर्शक डब्यात ठेवून खालून दाखवलं. नराच्या मागच्या पायांमध्ये छपराच्या आकारात मेणचट ठिपक्यांची ठळक रांग असते आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे. आमच्या राणीला यातलं काहीच नव्हतं. पिल्लू ६ महिन्यांचं होण्याआधी मात्र अंदाज चुकू शकतो.

गंमत म्हणजे नर-मादी ठरवते अंड्याला मिळणारी ऊब: २६ अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, ३२ला बहुतेक नर.

नर की मादी हे पाहायचं तर डब्यातूनच पाहा. शेपटी धरलीत तर ती हातात येईल!