द्राक्षमद्य आणि लहान मळा : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

मराठीत ‘दारू’ हा एकच शब्द दोन भिन्न पदार्थांना लावला जातो. उसाच्या मळीचे किण्वन करून नंतर ऊर्ध्वपातनाने काढलेले तीव्र मद्य हा एक. ऊर्ध्वपातनाविना, केवळ द्राक्षरस आंबवून सिद्ध झालेले मद्य, म्हणजे वाइन, हा दुसरा. आयुर्वेदातील द्राक्षासव हे या दुसऱ्याचे दूरचे भावंड होय. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाल्यापासून अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यास ऊस आणि मळी यांचे अर्थकारण चांगले परिचयाचे आहे. द्राक्षमद्याचे अर्थकारण मात्र निराळे असून ते समजून घेणे अगत्याचे आहे. कारण उत्तरेस नाशिक आणि पश्चिमेस जुन्नर या दोन मद्यद्राक्षांच्या प्रदेशांना हा जिल्हा लागून आहे.

द्राक्षरसातील साखरेचे किण्व नावाच्या सूक्ष्म जीवांकडून मद्यार्कात रूपांतर होते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली म्हणजे शेकडा एक मद्यार्क निर्माण होतो. म्हणून शेकडा बारा-तेरा मद्यार्काचे मद्य हवे असल्यास फळात भरपूर साखर हवी. पण त्याच वेळी आम्लताही टिकावयास हवी. उष्ण हवेत साखर वाढते आणि आम्ल झपाट्याने घटते. तोडणीचा दिवस चुकला तर पुढील कोणतेही कौशल्य ती उणीव पुरतेपणी भरून काढू शकत नाही.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जाते. दख्खनात तिला अशी विश्रांती मिळत नाही. इब्न बतूता या प्रवाशाने चौदाव्या शतकात दौलताबादच्या द्राक्षांना वर्षातून दोनदा फळ येते असे नोंदविले आहे. आजचा बागाईतदार वेलीच्या याच स्वभावाला वळण लावतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून तो काडी तयार करून घेतो आणि पावसाळा सरल्यावर फळछाटणी करून एकच पीक धरतो. त्यामुळे फळ कोरड्या, थंड रात्रींच्या काळात पोसते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरते. फ्रान्समध्ये जी तोडणी शरदात होते, ती येथे माघ-फाल्गुनात होते.

जगात नावाजलेली अनेक मद्ये लहान, कौटुंबिक मळ्यांतून येतात. फ्रान्समधील बर्गंडी प्रांत हे याचे ठळक उदाहरण होय. १८०४ च्या नेपोलियनप्रणीत कायद्याने वारसांना समान वाटणी मिळू लागली आणि मळ्यांचे तुकडे पडत गेले. क्लो द व्हूजो हा सुमारे ५० हेक्टरांचा एकच मळा आज ऐंशीच्या आसपास मालकांत विभागला आहे. जमिनीचे तुकडे पडणे हे दख्खनातील शेतकऱ्याचे जुने दुखणे. पण बर्गंडीत त्याच तुकड्यांना प्रतिष्ठा लाभली. ज्याने वेल वाढविली त्यानेच रस आंबविला आणि त्यानेच बाटलीवर नाव घातले, म्हणून वाढलेल्या मोलाचा मोठा वाटा त्याच्या घरी राहिला.

महाराष्ट्रात नारायणगाव येथे १९८० च्या दशकात आणि नाशिक परिसरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस या व्यवसायाने मूळ धरले. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली. तथापि येथील बहुसंख्य शेतकरी मद्य करणारे नव्हेत, कारखान्यास फळ पुरविणारे राहिले. त्यातील धोका २००८-०९ च्या मंदीनंतर दिसून आला. मागणी घटली, फळ पडून राहिले आणि अनेकांनी मद्यद्राक्षांच्या वेली उपटून टाकल्या. थॉमसन किंवा तास-ए-गणेश या जातींचे फळ एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो, नाहीतर त्याचे बेदाणे होतात. शिराझ किंवा शेनिन ब्लां यांचे बारीक, बियांचे फळ खाण्याच्या बाजारात कोणी घेत नाही.

मग शेतकऱ्याने स्वतःच मद्य का करू नये? परवाना, पोलादी टाक्या, शीतकरण आणि प्रयोगशाळा यांचा खर्च एका कुटुंबास जड जातो. शिवाय खाण्याच्या द्राक्षांचे पैसे त्याच हंगामात हाती येतात. मद्याचे पैसे महिनोन्‌महिने, क्वचित वर्षे अडकून पडतात. दक्षिण फ्रान्समधील लहान मळेवाल्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी यावर सामायिक तळघराचा, म्हणजे सहकाराचा, उपाय काढला. प्रवराकाठास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

परंतु याच जिल्ह्यातून या व्यवसायाच्या प्रसारास तीव्र विरोधही झाला आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास अनुमती देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी उपोषणाची घोषणा केली. फेब्रुवारीत ते स्थगित झाले. ज्या गावाने दारूच्या भट्ट्या बंद करून आपला संसार सावरला, त्याची ही भीती अनुभवातून आलेली होती. वाइनमध्ये मद्यार्क कमी असतो, हे तिचे पूर्ण उत्तर नव्हे. कारण व्यसनाचा संबंध केवळ तीव्रतेशी नसून सुलभतेशीही असतो.

म्हणून शेतकऱ्याचे हित या नावाखाली या उद्योगाचा पुरस्कार केला जातो तेव्हा दोन गोष्टी तपासावयास हव्यात : विक्री वाढल्याने होणारा लाभ वेलीच्या मालकापर्यंत किती पोहोचतो आणि मागणी आटली तर तोटा कोणाच्या माथी बसतो. बर्गंडीच्या लहान मळ्याचा खरा धडा चवीइतकाच मालकीचाही आहे.